बाबांच्या मोतीबिंदूची तारीख

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी पुण्यातच घेतली. रागावू नका. तालुक्याच्या डॉक्टरांच्या हाताला नाव ठेवायला जागाच नाही. माझा जीव अडकतो तो नंतरच्या आठ-पंधरा दिवसांत. हजारात एखाद्याच्याच डोळ्याच्या आत जंतू शिरतात; पण शिरले की तास मोजावे लागतात. तेव्हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचे डॉक्टर हाताशी हवेत. ते डोळा बधिर करून आतलं पाणी तपासणीला काढतात आणि व्हॅन्कोमायसिन, सेफ्टाझिडिम ही औषधं बारीक सुईने आतच सोडतात. नुसते थेंब आणि गोळ्या तिथवर पुरेशा पोचत नाहीत. आपल्याकडची शेवटची एसटी साडेपाचला सुटते, बाबा. आत्याच्या वेळचं मी काढत नाही.

बहुतेकांना काही होत नाही, आठवड्यात पेपर वाचायला लागतात. तुम्हीही लागाल.

आई, तुझ्या देवांना कपाटाशेजारी जागा केली आहे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, कुंडीत गवती चहा लावला. बाबांचा पलंग खिडकीशी आहे, पण पडदा जाड घेतलाय.

लहानपणी डोळ्यात कुसळ गेलं की बाबा, तुम्ही धोतराच्या सोग्यात फुंकर घालून तो ऊबदार बोळा माझ्या पापणीवर धरायचात. तेवढ्यानेच माझं रडू थांबायचं. आता मात्र डोळ्याला कुठलंच फडकं लावायचं नाही. आई, गुलाबपाणी आणि मध तिकडेच ठेवून ये. थेंब मीच घालणार, हात साबणाने धुऊन, बाटलीचं टोक पापणीला लागू न देता. डोक्यावरून आंघोळ नाही.

दुखणं किंवा लाली वाढली, पापणी सुजली, काल दिसलेलं आज धुरकट झालं, तर त्याच क्षणी मला उठवायचं. पोरीची झोपमोड नको म्हणून सकाळपर्यंत कळ काढायची नाही. सगळ्यांना दुखतंच असं नाही. नुसतं दिसणं कमी झालं तरी सांगायचं. बुबुळाच्या तळाशी पांढरट थर साचला तर तो पू असतो, म्हणून रोज सकाळी मी बॅटरीने बघणार. कुरकुर करायची नाही.

साखर आटोक्यात नसेल तर धोका वाढतो. तेव्हा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही तपासून रिपोर्ट दादाकडे द्या. आई, त्यांच्या चहातला तो जास्तीचा चमचा आता बंद. रविवारी दादा गाडी घेऊन येईल. जुनी फाइल आणि चालू गोळ्या पिशवीत वर ठेवा.

तुमची,
मनू