जानमाज राहिली आहे

चिपळूण, रविवार

बाळा,

अस्सलामु अलैकुम. तुला अनेक दुवा.

पोहोचल्याचा फोन आला तेव्हा अम्मी शेजारीच होती, म्हणून बोललो नाही. तुझ्या कॉटवर जानमाज राहिली आहे. दादाजानची, निळी. बॅग 23 किलोला टेकली होती हे मला ठाऊक आहे. लोणच्याची एक बरणी काढली असती तर बसली असती. असो, राहिली तर राहिली.

नमाजेला जानमाज लागतेच असं कुठंय? जागा पाक असली की झालं, हे मीच तुला शिकवलं. धुतलेला टॉवेल अंथर. इथं आपण पश्चिमेकडे तोंड करतो, जर्मनीतून किब्ला आग्नेयेला येतो. एकदा होकायंत्र लावून खोलीतला कोपरा ठरवून टाक. उन्हाळ्यात तिकडं सूर्य नऊ-साडेनऊला मावळतो, रात्रीच्या इशापर्यंत जागं राहायचं आणि पहाटे फजरला पुन्हा... लागलो बघ शिकवायला. 36 वर्षं फळ्यासमोर काढलेला माणूस, मनावर घेऊ नकोस.

2021 ला बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी वाशिष्ठी घरात शिरली, तेव्हा मी कागदपत्रांची पेटी शोधत होतो. तू कुराणशरीफ जुजदानासकट डोक्यावर घेतलंस, हीच जानमाज काखेत मारलीस आणि माळा गाठलास. कुराण ठेवून वाचायची लाकडी रेहल तेवढी खाली राहिली. पाणी ओसरल्यावर चिखलात सापडली, धुतली, तर पहिल्यासारखी उघडली! एकाच फळीतून कोरलेली, ना खिळा ना सांधा. लहानपणी "ह्या दोन फळ्या एकमेकींत घातल्या कशा?" म्हणून तू माझं डोकं खायचास. हा इंजिनिअर होणार, असं मी तेव्हाच अम्मीला म्हटलं होतं. विचार तिला.

त्या रात्री माळ्यावर मिट्ट काळोख होता आणि दादी हजहून आणलेली ती हिरव्या चमकणाऱ्या मण्यांची तसबीह पढत बसली होती. चमक विझली की तू मोबाइलच्या उजेडात धरून पुन्हा तिच्या हातात द्यायचास. बॅटरी संपवलीस म्हणून मी ओरडलो. ते ओरडणं अजून खुपतं.

विसरलास की ठेवून गेलास?

मागच्या वर्षी मुंबईला जाताना गाडीत मगरीबच्या वेळी तू जानमाज पिशवीतून काढलीस आणि मी म्हणालो, "आत ठेव ती." दबक्या आवाजात म्हणालो, पण म्हणालो. समोरचे काका उलट पाय वर घेऊन तुला जागा करून देत होते. तू मुकाट्यानं घडी घातलीस, टोपीही खिशात टाकलीस. त्यानंतर माझ्यासमोर तू पढलेला मला आठवत नाही. दिवस कसे आहेत तुला माहीत आहे, मामूचं झालं तेही तू पाहिलंस. तरी भीती माझी होती रे. तुझ्या बॅगेत ती मी कशाला भरली?

पढतोस की नाही, हा तुझा आणि अल्लाहचा मामला. हे विचारणारच नव्हतो. माफ कर.

काल चष्मा लावून जानमाज नीट पाहिली. गुडघ्यांच्या जागी दोन आणि कपाळाच्या जागी एक, दादाजाननी मखमल पार झिजवली आहे. कोपरा दुमडलेला होता. कोपरा दुमडा, नाहीतर शैतान पढून जातो, असं दादी सांगायची, आणि "पढू दे की, सुधारेल" म्हणून तू तिचा धपाटा खाल्ला होतास. अम्मी म्हणते, तिनं हात लावलेला नाही. मी तर लावलाच नाही. मग निघायच्या पहाटे आम्ही बॅगा खाली उतरवत होतो तेव्हा...

पाठवू का? वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, पाऊण किलोसुद्धा भरत नाही.

तुझे,
अब्बा