काळी माती, पण वेगळ्या गोताची

शॅम्पेन, इलिनॉय
14 ऑक्टोबर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

‘तिकडची काळी जमीन आपल्या परभणीसारखीच का?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस. परवा मका काढलेल्या एका शेतातून, मालकाला विचारून, ढेकूळ उचलून आणले. रंग हुबेहूब आपल्या मातीचा. पण बोटांनी दाबताच ते रव्यासारखे मोकळे झाले. आपले वाळलेले ढेकूळ एवढ्यावर फुटले असते तर तुला कुळवामागे इतके फिरावे लागले नसते!

आपली माती बेसाल्ट झिजून झाली. इथला काळेपणा गवताने दिलेला आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी इथवर पोहोचलेले हिमनदीचे बर्फ वितळले, तेव्हा गोटे आणि चिकणमाती यांनी जुन्या दऱ्या बुजल्या, आणि बर्फाची कड जिथे थबकली तिथे मोरेन नावाचे लांबलचक बुटके उंचवटे राहिले. गाडीतून जाताना चढ लागला हे शेजारच्याने सांगावे लागते. पुढे नद्यांच्या पात्रांतला बारीक गाळ वाऱ्याने उडून या साऱ्यावर पसरला. त्याला लोएस म्हणतात.

त्यावर हजारो वर्षे गवत वाढले. बिग ब्लूस्टेम हे त्यातले मुख्य. पुरुषभर उंचीच्याही वर जाणारे, दोन-तीन मीटर खोल मुळांचे, आणि गंमत म्हणजे आपल्या ज्वारीच्या आणि मारवेल गवताच्याच गोतातले. त्याची मुळे दरवर्षी काही अंशी कुजत गेली आणि माती काळी होत गेली. पाऊस झाडांना पुरेल इतका पडतो, तरी नदीकाठ सोडून जंगल फारसे माजले नाही, कारण वणवे. काही विजेचे, पुष्कळसे इथल्या मूळ रहिवाशांनी मुद्दाम लावलेले.

ही माती ओतीव लोखंडाच्या फाळाला चिकटत असे. 1837 साली ग्रँड डेटूर गावच्या जॉन डिअर या लोहाराने घासून गुळगुळीत केलेल्या पोलादाचा फाळ बनवला, आणि नांगर न अडता तास सरळ निघू लागले. राहिली चिबड जमीन. तिच्यात भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून निचरा केला, तेव्हा कुठे वेळेवर वाफसा येऊ लागला. आता मैल-मैल चौकोनांत मका आणि सोयाबीन, बांध नाहीत. एकेकाळी सुमारे 2.2 कोटी एकरांवर असलेला इलिनॉयचा प्रेअरी, म्हणजे हा मूळचा गवताळ प्रदेश, एक दशांश टक्काही उरलेला नाही.

जो उरला, तो बराचसा रेल्वेच्या कडेला आणि दफनभूमींत, कारण तिथे नांगर गेला नाही. लोडा गावच्या दफनभूमीलगत असा काही एकरांचा तुकडा मी पाहिला. त्यातही अधूनमधून मुद्दाम आग लावतात, नाहीतर झुडपे शिरतात. कडेला उभे राहिले की एका हाताला गवत, दुसऱ्या हाताला मका. दोघेही एकाच गोतातले.

ते ढेकूळ तुला पाठवता येत नाही, परदेशातली माती परवानगीशिवाय भारतात आणू देत नाहीत. तुझ्या बांधावर मारवेल अजून आहे का, तेवढे कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र