चोळी, झोळी आणि 'केवळ'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला संतांच्या विराण्यांवरचा, म्हणजे विरहिणीच्या तोंडच्या अभंगांवरचा, लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचला तो राग रास्त आहे ना, हे बघायला. आहे.

लेखक व्यासंगी आहेत, माझ्यासारखीने त्यांना काय सांगावं! पण ज्ञानदेवांच्या विरहिणीची तळमळ हे 'केवळ' रूपक आहे, शृंगाराचं टरफल काढून टाकून आतला अध्यात्माचा गर तेवढा घ्यावा, हे त्यांनी इतक्या परींनी सांगितलं, की शेवटी मी पेन्सिल घेऊन 'केवळ' मोजले. सात भरले. चंदनाच्या चोळीने सगळं अंग पोळतंय, फुलांची शेज आगीसारखी लागतेय, आरशात पाहावं तर आपलंच रूप दिसत नाही. हे टरफल असेल तर गर कशाला म्हणायचं, तेही लिहायला हवं होतं.

पुरावा काय, तर ज्ञानदेव ब्रह्मचारी. १२९६ साली समाधी घेतली तेव्हा ऐन विशीतले, त्यांना त्यातलं काय ठाऊक असणार! अहो, कान होते ना त्यांना? आणि बरं, तुकोबांचं काय करायचं? त्यांची तर दोन लग्नं झालेली. ते विराणीत बाईच्या तोंडून सरळ म्हणतात, 'आधिल्या भ्रतारें काम नव्हे पुरा । म्हणोनि व्यभिचारा टेकलें मी'. एवढ्या लांबलचक लेखात ही ओळ नाही. जागेअभावी गळली असेल. पहिला नवरा म्हणजे प्रपंच आणि जार, म्हणजे परपुरुष, तो विठ्ठल, हे मलाही कळतं. पण 'काम नव्हे पुरा' म्हणजे काय, हे ज्याला आधी अंगाने माहीत नाही, त्याच्या हाती त्या रूपकातून काय लागणार?

आता घरचंच सांगते. माझं लग्न १९७२ सालचं. आमचे 'हे' व्यापारी जहाजावर. गेले की आठ-आठ, नऊ-नऊ महिने नाहीत. पत्र येई तेही शिळं होऊन. सासूबाई दर गुरुवारी भजनाला न्यायच्या आणि तिथे 'पैल तो गे काऊ कोकताहे' माझ्या वाट्याला असे. तोंडाने मी 'पाहुणे पंढरीरावो घरा कैं येती' म्हणे, पण माझ्या डोळ्यांपुढचा पाहुणा लोखंडी पेटी घेऊन दारात उभा असे. सासूबाईंना हे कळलं होतं. म्हणाल्या, "म्हण गं तू. कुणाला का हाक मारेनास, घसा तरी मोकळा होतोय." पुढे त्यांनीच हे कौतुकाने भजनाच्या बुवांना सांगितलं. बुवांनी भर मंडळीत मला ऐकवलं, की मनात नवरा ठेवून अभंग म्हणायचा तर घरी बसून लावण्या म्हणाव्यात. बावीस वर्षांची होते मी. पुढे किती वर्षं तो अभंग तोंडात आला नाही.

हे निवृत्त होऊन घरी आले, पेटी माळ्यावर गेली. एका संध्याकाळी काम करता करता तो अभंग आपसूक गुणगुणायला लागले. हे पलीकडच्या खोलीत तुमचंच वर्तमानपत्र वाचत बसलेले. ज्याची वाट पाहायची तो माणूस चार पावलांवर, आणि तरी 'घरा कैं येती'शी आले नि आवाज फुटेना. मग मी वाट कुणाची बघत होते? हे मला बुवांना विचारायचं होतं. ते तोवर गेले होते. म्हणून आता तुमच्या लेखकांना विचारते.

हो, आणि संतांच्या ओळीओळीत नुसती दबलेली वासनाच दिसणाऱ्या पंडितांनी हे पत्र वाचून खूश होऊ नये. त्यांचाही 'केवळ'च, फक्त दुसऱ्या बाजूने.

जाता जाता आणखी एक. लेखात तो चरण 'चंदनाची झोळी माझे सर्व अंग पोळी' असा छापला आहे. मुद्रितशोधकांची डुलकी समजावी, की लेख वाचून झालेलं त्यांचं मतपरिवर्तन? चंदनाची झोळी अजून कुणी पाहिलेली नाही, आणि असलीच तरी ती अंगाला लावत नाहीत. दुरुस्ती कृपया छापावी, आणि ती शब्दकोड्याखालच्या मुंगीएवढ्या टायपात नको. तिथे तुम्ही काय काय छापता हे आमच्या वयाच्या कुणालाच दिसत नाही.

कळावे,
आपली एक जुनी वाचक

(नाव छापू नये. बुवांचे चिरंजीव आमच्याच मजल्यावर राहतात आणि तेही तुमचंच वर्तमानपत्र घेतात.)