सोलापूरच्या पूर्व भागातल्या बाईंना, गृहपाठाच्या वह्यांबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तिसरी-चौथीच्या ज्या मुलांचा गणिताचा गृहपाठ संध्याकाळी तुमच्या ओट्यावर होतो, त्यांच्या वह्या सकाळी आमच्याकडे तपासायला येतात. म्हणून हे जाहीर आभार.

503 − 267 हे एकच उदाहरण घेऊ. काही मुलं वर कोण, खाली कोण हे न बघता मोठ्यातून लहान वजा करतात आणि 364 लिहून मोकळी होतात. काही हातचा घेतात, पण दशकाला आलेल्या दहातला एक एककाला दिला की तो कमी करायचा राहतो. उत्तर येतं 246. तुम्ही शंभराच्या पाच नोटा आणि तीन सुटे रुपये मांडायला लावता. शंभराची एक मोडली की दहाच्या दहा नोटा. त्यातली एक मोडली की दहा सुटे, आणि हातात उरल्या नऊ. शून्याच्या डोक्यावर 9 कुठून आला, हे मग पाठ करावं लागत नाही. तेरातून सात गेले सहा, नवातून सहा गेले तीन, चारातून दोन गेले दोन. 236. खाली 236 + 267 = 503 हा पडताळाही असतो. तो पाहून फार बरं वाटतं.

घरी तेलुगू बोलणारी मुलं ‘सत्तावीस’ ऐकून 72 लिहितात, तो निष्काळजीपणा नव्हे, हे तुम्ही नेमकं हेरलंत. तेलुगूत आधी दशक येतो: इरवै एडु. कन्नडमध्येही तसंच, इप्पत्तेळु. मराठीत मात्र सात आधी कानावर पडतो. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला! आपल्या सोलापुरातल्या या मुलांना त्या पद्धतीचा आधारच आहे. तुम्ही दोन्ही म्हणून घेता, मगच पेन्सिल उचलू देता. हा क्रम आम्हीही वर्गात उचलला आहे.

आता चौथीला भागाकार सुरू होतोय. 618 ÷ 6 मध्ये एकाला भाग जात नाही, तिथं शून्य न मांडताच मुलं आठ उतरवतात आणि भागाकार 13 येतो. एक अंक उतरवला की वर एक अंक मांडायचाच, आणि सहाशेला सहाने भागून अंदाज आधी घ्यायचा, एवढं तुमच्याकडूनही होऊ द्या. एका चौकटीत एकच अंक बसावा म्हणून चौकटीच्या दहा वह्या सोमवारी मुलांबरोबर पाठवतो.

आपले,
तिसरी-चौथीचे गणित शिक्षक, सोलापूर