पक्क्या बिलावर 'दुरुस्त' असं लिहा

महोदय,

वाई तालुक्यात माझा मंडप-लाइटचा धंदा आहे. पिकअपच्या हौद्यात बांबू, कापड, खुर्च्या आणि मागे हुकाला २५ केव्हीएचा जनरेटर, ट्रॉलीसकट टनाच्या पुढे. पौषात मांढरदेवची यात्रा, मग ज्येष्ठापर्यंत लग्नं. म्हणजे सहा महिने ही गाडी घाटातच असते.

गेल्या वर्षी मागचे दोन्ही शॉकप, म्हणजे गाडीचे हिसके जिरवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गळू लागले. दुकानदार म्हणाला, "ट्रॉली ओढताय ना? हेवीच घाला, गाडी बसणार नाही." मी घातले. महिन्याभराने रात्री मांढरदेवचा घाट उतरताना वळणाच्या तोंडाशी खड्डा लागला आणि गाडीचा मागचा भाग उसळायला लागला. थांबेचना. ट्रॉली मागून ढकलत होती, पुढची चाकं रस्त्यावर आहेत की नाहीत हे स्टेअरिंगवर कळत नव्हतं. शेजारी माझा मुलगा बसला होता. दुसऱ्या गिअरमध्ये होतो म्हणून कडेला गाडी थांबवता आली.

दुसऱ्या दिवशी शॉकप काढले. एक हाताने ओढला तर सायकलच्या पंपासारखा मोकळा आला. वरचा काळा रंग खरवडल्यावर जुना गंज दिसला, रॉडवर खड्डे, मानेशी वेल्डिंग. जुन्यातच तेल भरून नवे म्हणून विकलेले. बिलावर फक्त 'शॉकप, २ नग'.

वाईतल्या एका म्हाताऱ्या फिटरने मग मला जे शिकवलं, ते ट्रॉली ओढणाऱ्या प्रत्येकाला कळावं म्हणून हे पत्र. शॉकप वजन उचलत नाही. वजन पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उचलतात. दबलेला पाटा परत उसळतो, ती उसळी जिरवायची एवढंच शॉकपचं काम, आणि ते आतलं तेल बारीक भोकांतून जाताना होतं. गाडी मागून बसत असेल तर पाटे बघा, हुकावर किती भार येतोय ते बघा. नुसत्या कडक शॉकपने रिकामी गाडी उडते, आणि उडालेलं चाक ब्रेकला उपयोगाचं नाही.

माझी दुसरी चूक लांबीची. मी एक जादा पाटा टाकून घेतला होता, त्यामुळे मागची बाजू दोन इंच वर आली होती. मूळ मापाचा शॉकप रिकाम्या गाडीत जवळजवळ पूर्ण ताणलेला राहायचा आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्या डोळ्यावर, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीवर, हिसका बसायचा. म्हणून वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतचं अंतर दोनदा मोजा, एकदा रिकामी गाडी आणि एकदा माल भरून ट्रॉली जोडल्यावर. दोन्ही वेळा रॉडला वर-खाली जायला जागा उरली पाहिजे.

घाटात तेल तापून फेसाळतं आणि शॉकप ढिला पडतो, म्हणून आता मी नायट्रोजन भरलेले घेतलेत, तेही जोडीने. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नाही, नाहीतर बोल्टभोवतीचे रबरी बुश पिळून फाटतात. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकपला जपून हात लावून बघतो. चालणारा कोमट लागतो, मेलेला थंड.

तेल भरून दुरुस्त केलेला माल विकू नका, असं माझं म्हणणं नाही. परवडत नाही म्हणून कोणी जाणूनबुजून घेईल. पण पक्क्या बिलावर 'नवा' की 'दुरुस्त' हे लिहिण्याची सक्ती परिवहन विभागाने करावी. आमच्या मागे टनाचा जनरेटर असतो आणि यात्रेच्या दिवशी त्याच घाटात माणसं पायी चढत असतात.

— एक मंडप व्यावसायिक, ता. वाई, जि. सातारा