झेरॉक्सवाल्या दादांना, सातपूरच्या मॅडमकडून

दादा, नमस्कार.

तुम्ही दुकान पाथर्डी फाट्याला हलवताय हे मला शिपाई मामांकडून कळलं, तुम्ही स्वतः एका शब्दाने बोलला नाहीत. म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकावं, कारण समोर आलं की तुम्ही "जाऊ द्या हो मॅडम" म्हणता आणि लगेच मशीन चालू करता, मग त्या घरघरीत पुढचं काही बोलताच येत नाही. आणि मला हे चार लोकांना कळलेलं हवंय. कोरोनातल्या शाळेचं बोलायला लागलं की सगळे झूम, गूगल मीट, ऑनलाइन शिक्षण असंच बोलतात, आमच्याकडे नाशिकच्या सातपूरला शाळा चालली ती कागदावर, आणि तो कागद तुमच्या दुकानातून निघत होता.

२०२०मध्ये शाळा बंद झाल्यावर शासनाचं "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" आलं, अभ्यासाचं दीक्षा अ‍ॅप सगळ्यांना घ्यायला सांगितलं, जुलैत सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागायला लागली. चांगलंच होतं ते, पण टिलीमिली पहिली ते आठवीचं आणि माझ्याकडे नववी-दहावी. बरं आमची पोरं कोणाची तर एमआयडीसीतल्या कामगारांची. घरात स्मार्टफोन एक, तो पप्पांच्या खिशात, पप्पा फर्स्ट शिफ्टला असले तर फोन दुपारी घरी येणार, सेकंडला असले तर रात्री, आणि कंपनीने कामावरून ब्रेक दिलेला असेल तर फोन घरी पण रिचार्ज नाही. मी सकाळी लिंक टाकायची आणि समोर तीच ती आठ-दहा पोरं. बाकीच्यांचं काय चाललंय हे कळायला मार्गच नव्हता. वरून ऑनलाइन हजेरीचा तक्ता रोज भरून पाठवायचा, तो एक वेगळाच विनोद.

तेव्हा दुकानं पण एक दिवस रस्त्याच्या या बाजूची, एक दिवस त्या बाजूची उघडायची. तुमचा दिवस बघून मी पहिल्यांदा गणिताच्या कृतिपत्रिकेचं मास्टर घेऊन आले, तर तुम्ही विचारलंत की हे मुलांपर्यंत पोचवणार कोण. मी म्हटलं बघू काहीतरी. तुम्ही म्हणालात, "बघू कशाला, इथेच ठेवा, किराणा घ्यायला आयाबाया येतातच समोर, घेऊन जातील." झालं, तिथून सगळं सुरू. प्रत्येक पोराच्या नावाचं पुडकं, वर रबर, मागच्या रॅकमध्ये नववीचा कप्पा वेगळा, दहावीचा वेगळा. आणि लिहून झालेले कागद टाकायला बाहेर ते रिमचं खोकं, त्यातले कागद तीन दिवस कोणी हात लावायचा नाही हा तुमचाच नियम. आता हसू येतं पण तेव्हा आपण दुधाच्या पिशव्या सुद्धा धुत होतो.

पैशाचं पण लिहितेच, तुम्हाला आवडणार नाही तरी. बॅक टू बॅकला तुम्ही एकाच बाजूचा रेट लावलात. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली होती पण ती कधी वेळेवर जमायची नाही, तुमच्या वहीत आमच्या नावापुढे उधारी चढत जायची आणि तुम्ही पगाराची तारीख उलटून गेली तरी विचारायचा नाहीत. तुमचा स्वतःचा धंदा तेव्हा काय होता ते मला माहितीये, कॉलेजं बंद, कोर्टकचेरीचे कागद बंद, पासपोर्ट फोटो काढायला कोण येतंय.

अभ्यासक्रम २५ टक्के कमी झाला तेव्हाचा घोळ आठवतो का? पुस्तकं आधीच छापून झालेली, त्यात सगळे धडे तसेच, आणि वगळलेल्या घटकांची यादी वेगळी पीडीएफमध्ये. पोरं नको असलेले धडे लिहीत बसायची आणि हवे ते सोडायची. तुम्ही ती यादी मोठ्या अक्षरात काढून लॅमिनेट करून काउंटरला लावलीत आणि पुडकं न्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचात की पुस्तक आण, इथे उभं राहून पेन्सिलने फुली मार आणि मग घरी जा. हे आम्ही करायला हवं होतं असं कोणी म्हणेल, म्हणू दे, आम्ही तेव्हा कोरोना सर्व्हेच्या ड्युट्यांवर होतो.

पण माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं काम हे पण नाही. सगळ्यात मोठं काम म्हणजे ती न नेलेली पुडकी. तुम्ही दर शनिवारी मला फोन करून सांगायचात, मॅडम अमुक रोल नंबरचं दोन आठवडे पडून आहे, तमुकचं तीन. आमच्या ऑनलाइन तक्त्यात सगळे गैरहजर सारखेच दिसायचे, फोन नसलेला पण आणि शाळाच सोडलेला पण. तुमच्या रॅकमध्ये फरक दिसायचा. एका मुलीचं पुडकं पडून राहिलं म्हणून तुम्ही शेजारणीला विचारलंत तेव्हा कळलं की कंपनीतलं काम गेल्यावर सगळं घर गिरणारे गावाकडे टोमॅटोच्या खुडणीला गेलंय, पोरगी पण. तुम्ही भाजी आणायला जाणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती तिचे कागद पाठवलेत, भरलेले कागद त्याच टेम्पोने परत, कोपरे ओले असायचे आणि काही पानांवर टोमॅटोचे डाग, पण गणितं बरोबर असायची. ती मुलगी दहावी झाली, पुढे आयटीआय केलं, हे तुम्हाला माहिती असेलच कारण अ‍ॅडमिशनची झेरॉक्स पण तुमच्याकडेच.

मग शाळा उघडायचं आलं. राज्यात २३ नोव्हेंबर २०२० ठरली होती, नाशिकला पुढे ढकलत ढकलत ४ जानेवारी २०२१ झाली. नववी ते बारावीच, एका बाकावर एक, अर्धा वर्ग एक दिवस अर्धा दुसऱ्या दिवशी, जास्तीत जास्त चार तास, गणित विज्ञान इंग्रजी शाळेत आणि बाकीचं ऑनलाइन. शिक्षकांच्या आरटीपीसीआर वगैरे झाल्या, थर्मल गन आली, हायपोक्लोराइट मारून झालं. मी ए बॅच बी बॅच सरळ हजेरी क्रमांकाने पाडलेल्या, विषम एक दिवस सम एक दिवस. यादी झेरॉक्सला दिली तर तुम्ही मशीन थांबवलंत. म्हणालात, ही दोघं भावंडं आहेत, एक नववीत एक दहावीत, पुडकी एकच जण नेतो, घरात फोन एक, दोघं एकाच दिवशी घरी बसली तर ऑनलाइनला भांडणार, उलटसुलट टाका. अशी किती घरं तुम्ही बोट ठेवून दाखवलीत! मुख्याध्यापक सरांनी दुसऱ्या दिवशी यादी बघितली आणि विचारलं हे कोणी केलं, मी तुमचं नाव सांगितलं, ते नुसते मान हलवत राहिले.

आणि पोराला शाळेत पाठवायचं ते पालकांचं संमतीपत्र. वरून आलेला नमुना असा होता की वाचून आई-बापाला वाटावं आपण कोर्टात जबानी देतोय. लोक दुकानात येऊन तुम्हालाच विचारायचे, सही केली आणि पोराला काही झालं तर शाळा हात वर करणार का? तुम्ही मला सांगितलंत की मॅडम नमुना बदलता येत नसेल तर राहू द्या, पण मागच्या कोऱ्या बाजूला साध्या भाषेत लिहा, ताप आला तर पाठवू नका, शाळेत असताना ताप आला तर आम्ही कोणत्या नंबरवर फोन करू, आणि सही नाही केली तरी पुडकं मिळत राहील. ते शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं होतं. त्यानंतर सह्या येऊ लागल्या, आणि ज्यांनी नाही केल्या ते निदान लपून नाही बसले.

मार्चमध्ये परत सगळं बंद. दुसऱ्या लाटेतल्या एप्रिलबद्दल मी लिहीत नाही, नाशिकमध्ये होतं त्याला सांगायची गरज नाही. दहावीची परीक्षा रद्द झाली आणि मे अखेरीस मूल्यमापनाचं सूत्र आलं, नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाचे २०. अनेक शाळांमध्ये धावपळ उडाली की वर्षभराचं लेखी काम आणायचं कुठून. आमच्याकडे तुमच्या खोक्यातून आलेले गठ्ठे होते, तारखेसकट, कारण पुडक्यावर तारखेचा शिक्का मारायची सवय तुमची. जी पोरं एकदाही स्क्रीनवर दिसली नाहीत त्यांच्या नावापुढे मी जे गुण भरले ते त्यांच्या स्वतःच्या अक्षरातल्या कागदावरून भरले. १६ जुलैला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के, लोकांनी खूप टिंगल केली त्या बॅचची, अजून करतात. करोत बापडे. माझ्या वर्गाचे कागद मी तपासलेत.

सेतू अभ्यासाचं पण राहिलंच, म्हणजे मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायचा अभ्यास, १ जुलै ते १४ ऑगस्ट, पंचेचाळीस दिवसांचं ते, आमच्या पोरांच्या फोनात पीडीएफ उघडायचीच नाही. तुम्ही एका पानावर दोन पानं बसवून आठवड्याचे सेट केलेत आणि अर्धा कागद वाचवलात. अक्षर बारीक झालं होतं थोडं, हे मी तेव्हा पण बोलले होते!

शाळेने तुमचा सत्कार करायचं ठरवलं होतं तर तुम्ही त्या दिवशी नेमके टोनर आणायला गेलात. ठीक आहे, शाल-नारळ शाळेत ठेवलंय, ते मामांच्या हाती नव्या दुकानात पाठवते, परत पाठवू नका.

आणि दहावीच्या सराव पेपरचं मास्टर आज व्हॉट्सअ‍ॅपला टाकलंय, दुसऱ्या पानावरची आकृती फिकी येतेय, जरा डार्क करा. रेट पाथर्डी फाट्याचा जो असेल तो पूर्ण लावा, बॅक टू बॅकचे दोन्ही बाजूंचे.

तुमच्या,
नववी-दहावीच्या गणिताच्या मॅडम