गळा एकच, कामं दोन

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

शाळेचं नेमणूकपत्र आलं आणि आता मैफलीतलं गाणं मागे पडेल का, असं तू विचारलंस. ते पडू नये यासाठी रुजू होण्याआधी आणि पहिल्या दोन महिन्यांत बरंच काही करता येतं. ते सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, पण सावकाश वाच.

सुरुवात नेमणूकपत्रापासून कर. बाहेरच्या कामाबद्दल किंवा अन्य अर्थार्जनाबद्दल एखादं कलम त्यात बहुधा असतंच. कुठे पूर्वपरवानगी लागते, कुठे नुसतं कळवावं लागतं, कुठे सरळ बंदी असते. ‘करा की कार्यक्रम, आम्हाला आनंदच आहे’ असं कुणी म्हणालं तरी त्यावर विसंबू नकोस. मुख्याध्यापक बदलले की तोंडी परवानगीही त्यांच्याबरोबर जाते. एका पानाचा अर्ज दे. वर्षाला साधारण किती कार्यक्रम असतील, ते शाळेच्या वेळेबाहेर असतील, शाळेची वाद्यं वापरणार नाहीस, आणि शाळेची मोठी कामं कोणत्या आठवड्यांत येतात ते पाहूनच तारखा घेशील, एवढं त्यात हवं. अर्जाची पोच घे आणि जपून ठेव.

हा पेच फार जुना आहे. योहान सेबास्टियन बाख हा जर्मन संगीतकार 1723 साली लाइपझिग शहरातल्या थॉमस शाळेत संगीतप्रमुख म्हणून रुजू झाला, तेव्हा महापौरांच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, असं त्याला लिहून द्यावं लागलं होतं. मुलांना लॅटिन शिकवणं हाही त्या पदाचाच भाग होता. ते काम त्यानं वर्षाला 50 थालर (तिथलं त्या काळचं चांदीचं नाणं) स्वतःच्या खिशातून देऊन एका सहकाऱ्याकडे सोपवलं. पुढे 1729 पासून तो शहरातल्या एका वादकमंडळाचाही प्रमुख झाला आणि कॉफीगृहात दर आठवड्याला त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. शाळा चालूच होती. यातली लॅटिनची गोष्ट ध्यानात ठेव. संगीतशिक्षकाच्या गळ्यात संगीताशी संबंध नसलेली कामं आपोआप येऊन पडतात: परिपाठाचा माईक, पाहुण्यांचं स्वागतगीत, सूत्रसंचालन, स्पीकरच्या वायरी. पहिल्या महिन्यात जे हौसेनं करशील ते कायमचं तुझं होतं. स्वागतगीत घे, माईक आणि वायरी दुसऱ्या कुणाकडे राहू देत.

आता गळ्याबद्दल. खरा खर्च इथेच होतो.

मैफलीत तू दोन तास गातेस, पण गळा तापवून, माईकवर, मनासारखे स्वर लावलेल्या तानपुऱ्यांत आणि शांत सभागृहात. शाळेत पाच तासिका, प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटांच्या, माईकशिवाय आणि चाळीस मुलांच्या गलबल्यावर आवाज चढवून. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरानं 1911 साली हे मांडलं. हे आपोआप होतं, म्हणून ‘मी हळू बोलेन’ असा निश्चय त्यावर चालत नाही. बाईच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात. आवाज चढला की तो आघात वाढतो. तो सर्वांत जोरात बसतो ती जागा म्हणजे तंतूंचा पुढचा तिसरा हिस्सा जिथे मधल्याला मिळतो ती, आणि गाठी बहुधा तिथेच, दोन्ही बाजूंना समोरासमोर येतात.

घोगरेपणा हे उशिरा कळणारं लक्षण आहे. त्याच्या आधी एक खूण दिसते, ती तू रोज तपासायची. सकाळी गळा थोडा मोकळा झाला की तार सप्तकात अगदी हलक्या, बारीक आवाजात चार स्वर लाव. तंतूंना सूज असेल तर स्वर लगेच उमटत नाही. आधी नुसती हवा जाते, मग स्वर येतो. जोर दिला की तोच स्वर स्वच्छ लागतो, आणि फसगत होते ती इथेच. जोरात लागतो म्हणजे गळा ठीक आहे, असं वाटत राहतं. कोणत्या स्वरापर्यंत हलकं गाता येतं ते रोज वहीत लिही. ती मर्यादा एक-दोन स्वरांनी खाली आली आणि सलग तीन दिवस तिथेच राहिली, तर त्या आठवड्यातलं गाणं निम्म्यावर आण.

शाळेला निघण्यापूर्वी सात-आठ मिनिटं दे. पेल्यात पाणी घे, स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडव आणि तिच्यातून ‘ऊ’ म्हणत खालून वर, वरून खाली मींड घे, म्हणजे स्वर न तोडता घसरत ने. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते तुटले तर श्वास अडतो आहे, फार उसळले तर ढकलला जातो आहे. तोंडापुढे अडथळा असला की आत मागे दाब तयार होतो आणि तंतू कमी आघातात कंप पावतात. नंतर ओठ मिटून गुंजन, मग सा ते प. शेवटच्या तासिकेनंतर पुन्हा पाच मिनिटं, फक्त वरून खाली. हा शेवटचा भाग बहुतेक जण टाळतात आणि संध्याकाळी गळा जड झाल्याची तक्रार करतात.

पाणी दिवसभर घोट घोट पी. प्यायलेलं पाणी तंतूंना थेट लागत नाही, शरीरातून फिरून तिथे पोचायला वेळ लागतो, त्यामुळे कार्यक्रमाआधी ढसाढसा पिऊन उपयोग नसतो. खाकरायची सवय लावून घेऊ नकोस, आवंढा गिळ. आवाज बसला की कुजबुजू नकोस, त्यानं ताणच पडतो. हळू पण स्वच्छ बोल. सर्दीत आवाज बदलला असेल त्या दिवशी वर्गात ताल शिकव. घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घे. अशा गाठी बऱ्याचदा आवाजाच्या उपचारपद्धतीनं उतरतात. घाबरून डॉक्टरांकडे जायचं लांबवण्यातच नुकसान असतं.

तुझ्या बाबतीत पट्टीचाही प्रश्न येईल. तू काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी सा धरून गातेस. लहान मुलांना ती पट्टी खाली पडते. त्यांच्यासाठी हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली काळी एक ते पांढरी तीन यांमध्ये कुठेतरी षड्ज, म्हणजे सा, हवा आणि गाणं शक्यतो एका सप्तकात बसणारं हवं. पण मुलांचा सा काळी एकवर ठेवला की त्यांचा तार सा तुझ्या तार मध्यमावर येतो. तू मैफलीत तिथे क्वचित जातेस, इथे दिवसभर राहावं लागेल. म्हणून वरच्या ओळी हार्मोनियमवर दाखव, किंवा सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलीला गायला सांग. मुलाचा गळा मुलाला लवकर कळतो.

आणि मुलांबरोबर गाऊ नकोस. ओळ दोनदा गाऊन दाखव, ती ऐकत असताना त्यांना फक्त हातानं ताल धरू दे, मग थांब आणि ऐक. त्यांच्यात तुझा आवाज मिसळला की दोन तोटे होतात: कोण कुठे चुकतंय ते तुला ऐकू येत नाही, आणि ती तुझ्या आवाजाच्या आधारानं तरंगत राहतात. ओळ बसली की पाच-सहा जणांच्या गटात गाऊन घे. वर्ग शांत करायला ओरडायचं नाही. तीन टाळ्यांचा एक नमुना ठरव, तो मुलांनी परत वाजवायचा. पहिल्या आठवड्यात हे बसलं तर वर्षभराचा गळा वाचतो.

सूर न लागणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ असं कधीही सांगू नकोस. असं सांगितलेली पुष्कळ माणसं पुढे आयुष्यभर गात नाहीत. ते मूल ज्या स्वरावर बोलतंय तो आधी तू शोध, तोच हार्मोनियमवर धर आणि त्याला ऐकव. आपला आवाज आणि बाहेरचा स्वर एक झाला म्हणजे काय वाटतं, ते त्याला पहिल्यांदाच कळतं. मग तिथून एकेक अर्धस्वर वर ने. रोजची दोन-तीन मिनिटं पुरतात, पण आठवडे लागतात. साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान ज्यांचा आवाज फुटतो त्या मुलग्यांना मिळतील त्या चार-पाच स्वरांतली ओळ बांधून दे, पण गप्प बसवू नकोस.

या सगळ्याचा एक परिणाम कुणी आधी सांगत नाही. दिवसभर बेसूर ऐकून कान सैल होतो. जिथे खटकायला हवं तिथे खटकत नाही. लयही मुलांच्या सोयीची, मध्यम, एकसारखी होत जाते, आणि हरकती सोप्या करून दाखवण्याची सवय मैफलीत शिरते. शाळेतून आल्यावर दहा मिनिटं नुसता तानपुरा लावून बस, गायचं नाही. आणि गुरूंकडे जाणं बंद करू नकोस. महिन्यातून दोनदा का होईना, पण तुझ्या चुका काढणारं कुणीतरी हवं. शिक्षक झालं की चूक दाखवणारी माणसं भोवतालची एकदम कमी होतात.

रियाज सकाळी शाळेआधी, पाऊण तास. संध्याकाळी पाच तासिकांनंतर पूर्ण आवाजात गाण्याचा हट्ट नको. गळ्याची त्या दिवसाची ताकद संपलेली असते. संध्याकाळ ऐकण्यासाठी, बंदिश पाठ करण्यासाठी, हातावर ताल धरून लयकारी मोजण्यासाठी ठेव. लांब बैठक सुट्टीच्या दिवशी.

वेळापत्रक ठरत असतानाच दोन गोष्टी माग: सलग तीनपेक्षा जास्त तासिका नकोत, आणि गाण्याच्या दोन तासिकांमध्ये जमेल तिथे ताल किंवा श्रवणाची तासिका. वर्ष सुरू होताना एकाच दिनदर्शिकेवर आधी शाळेच्या तारखा भर: परीक्षा, स्पर्धा, स्नेहसंमेलन. स्नेहसंमेलनाच्या आधीच्या तीन आठवड्यांत बाहेरचा कार्यक्रम घ्यायचाच नाही, कारण तालमीत आवाज संपतो आणि नकार दोन्हीकडे द्यावा लागतो. उरलेल्या तारखांत महिन्याला दोन मैफली पहिल्या वर्षी पुष्कळ झाल्या. रजेच्या दिवसासाठी तीन तयार पाठ फाइलमध्ये ठेव, संगीत न येणाऱ्या शिक्षकालाही घेता येतील असे. तुझ्या रजेनं सहकाऱ्यांचे हाल झाले नाहीत तर रजेवरून कुरकुर होत नाही.

आयोजकांशी सगळं लेखी. तारीख, पोचण्याची वेळ, आवाज तपासणीची वेळ, गाण्याचा अवधी, मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी मंचावर ठेवलेला स्पीकर) आहे की नाही, साथीदारांचं मानधन वेगळं की तुझ्यात धरलेलं, प्रवास, रद्द झाल्यास काय, आणि ध्वनिमुद्रण किंवा थेट प्रक्षेपण होणार असेल तर ते कुठे आणि किती काळ राहील. हे शेवटचं हल्ली सर्रास राहून जातं आणि न आवडलेली मैफल कायमची फिरत राहते. निम्मं मानधन आधी घे. साथीदारांना त्याच रात्री दे, तुझे पैसे यायचे असले तरीही. चांगला तबलजी पुढच्या वेळी मिळतो तो यामुळे. फोन तासिकेत येतील, तेव्हा परत फोन करायची एक वेळ ठरव आणि आयोजकांना सांगून ठेव.

मैफलीच्या पैशांचं बँकखातं वेगळं ठेव. पगारातून कर कापला जातो, मानधनाचा हिशेब मात्र तुलाच करायचा असतो, तेव्हा प्रत्येक रकमेतला ठरावीक भाग लगेच बाजूला टाक आणि प्रवास, वाद्यदुरुस्ती यांच्या पावत्या ठेव. स्वतःचा तानपुरा शाळेत नेणार असलीस तर त्याचा विमा तूच उतरव. आपल्याच वर्गातल्या मुलांची खाजगी शिकवणी घेऊ नकोस. ज्याला गुण द्यायचे त्याच्याकडून फी घेणं बरोबर नाही, आणि पालकांच्या मनात एकदा शंका आली की ती निघत नाही.

नोकरी केव्हा सोडायची, हेही तू विचारलंस. अमेरिकन गायिका रोबर्टा फ्लॅक वॉशिंग्टनच्या शाळांत दिवसा संगीत शिकवायची आणि रात्री क्लबात गायची. 1968 मध्ये नियमित गाण्याचं काम ठरलं तेव्हाच तिनं शाळा सोडली, आणि पुढच्या वर्षी तिचा पहिला अल्बम आला. इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट तरुणपणी वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवायचा. 1905 पासून 1934 साली मृत्यू येईपर्यंत तो लंडनच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत राहिला. त्याची सर्वांत गाजलेली वाद्यवृंदरचना बरीचशी शाळेतल्याच आवाजबंद खोलीत, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत लिहिली गेली, आणि उजव्या हाताच्या दुखण्यामुळे ती कागदावर उतरवायला सहकारी शिक्षिकांनी मदत केली. दोघांची वाट वेगळी, पण अर्धवट भरवशावर उडी कुणीच मारली नाही. तुझ्यासाठी माझं मत असं: पुढच्या वर्षभराच्या तारखा लेखी हातात असतील आणि वर्षभराचा खर्च बाजूला असेल तेव्हा सोड. त्याआधी एकदा अर्धवेळ नेमणूक मागून बघ. आठवड्यातले तीन दिवस शाळा ही बऱ्याच गायकांना मानवणारी मांडणी आहे, आणि दोन वर्षं चांगलं काम केलेल्या शिक्षिकेला ती मिळण्याची शक्यता असते.

वेळापत्रक हातात आलं की त्याचा फोटो पाठव. कोणत्या दिवशी सलग चार तासिका येतात ते आपण दोघी बघू, आणि बदल मागायचा तर पहिल्या आठवड्यातच मागू.

तुझी,
आई